सात कोटींची शिल्लक



२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. खजिना सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होता, आणि त्यांनी मांडलेल्या हिशेबात सरत्या वर्षाची शिल्लक निघाली होती सात कोटी रुपये. इतकी शिल्लक हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत त्याआधी कधी पडली नव्हती. सभासदांनी रिवाजाप्रमाणे लॉसाहेबांचं अभिनंदन केलं. मग पुण्याचे पस्तिशीतले प्राध्यापक उठले आणि म्हणाले की, या अभिनंदनात सामील व्हायला माझं मन मला परवानगी देत नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं त्या सभागृहातलं हे पहिलंच अंदाजपत्रकी भाषण. सरकारकडं पैसा उरला याचा राग कुणाला कशाला यावा? आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की शिल्लक चांगली आणि कर्ज वाईट. गोखल्यांनी नेमकं हेच उलटं धरलं. त्यांचं म्हणणं, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ देशानं पाहिले, मुंबई-पुण्यात प्लेगनं घरं रिकामी केली, आणि अशा काळात सरकारच्या पेटीत दरसाल पैसा साठत असेल, तर लोकांची स्थिती आणि खजिन्याची स्थिती यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही, एवढंच त्या शिलकेवरून सिद्ध होतं.

आज मी बोलणार आहे देशाच्या करांविषयी आणि कर्जाविषयी. पण आकडे मोठे की लहान, यापेक्षा मला गोखल्यांची रीत महत्त्वाची वाटते. कर कुणी भरला, कर्ज कुणी काढलं, कुणाच्या चलनात, आणि त्याचं पुढं काय झालं, हे ते एकाच दमात विचारत.

ती सात कोटींची शिल्लक आली कुठून, हे आधी पाहू. त्यातली गोम समजली की पुढचं सारं सोपं होतं.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला पैसे पाठवावे लागत. पौंडांतल्या कर्जाचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला नफा, निवृत्त साहेबांची पेन्शनं, इंडिया ऑफिसचा खर्च, लष्करी सामान. याला ‘होम चार्जेस’ म्हणत. शतकाच्या अखेरीस ही रक्कम वर्षाला १ कोटी ७० लाख पौंडांच्या घरात गेली होती. देणं पौंडांत, म्हणजे सोन्यात. वसुली मात्र रुपयांत, म्हणजे चांदीत. आणि १८७३ नंतर जगात चांदीचा भाव कोसळत गेला. दोन शिलिंगांचा रुपया घसरत घसरत १८९४-९५ मध्ये तेरा पेन्सांच्या आसपास आला. आधी दहा रुपयांत मिळणाऱ्या पौंडाला साडेअठरा रुपये पडू लागले. देणं तेवढंच, पण ते फेडायला रयतेकडून जवळजवळ दुप्पट रुपये उभे करायचे.

सरकारनं ते कसे उभे केले? १८८६ मध्ये प्राप्तिकर कायमचा केला. ५०० रुपये वार्षिक उत्पन्नापासून कर सुरू, म्हणजे कारकुनाच्या, मास्तराच्या पगारालाही हात. शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं, कारण तिथं शेतसारा होताच. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मिठाच्या उत्पादनाचा खर्च याच्या मानानं किरकोळ होता. गिऱ्हाइकाच्या पैशातला मोठा भाग सरकारचाच होता.

मग १८९३ मध्ये सरकारनं लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची मुभा संपली. रुपया दुर्मीळ झाला, त्याचा भाव चढला, आणि १८९८-९९ पर्यंत तो सोळा पेन्सांवर येऊन स्थिरावला. पौंड आता पंधरा रुपयांत. आपण साधा गुणाकार करून पाहू. १ कोटी ७० लाख पौंडांना साडेअठराच्या भावानं सुमारे साडेएकतीस कोटी रुपये लागले असते. पंधराच्या भावानं साडेपंचवीस कोटी. म्हणजे वर्षाकाठी सहा कोटींची बचत, आणि तीसुद्धा कुणी काटकसर न करता! ज्या संकटाचं कारण सांगून कर वाढवले ते संकट गेलं, पण कर तसेच राहिले. शिल्लक म्हणजे हे. दुष्काळातल्या माणसाकडून जास्तीचं घेतलेलं मीठ आणि जास्तीचा पगार.

गोखल्यांच्या मागणीला वर्षभरात थोडं यश आलं. १९०३ मध्ये मिठाचा कर पुन्हा दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. पुढं १९०५ मध्ये मीठ दीड रुपयावर, १९०७ मध्ये एक रुपयावर. ज्या सभागृहात मत द्यायचा अधिकारच नव्हता, तिथं नुसत्या हिशेबाच्या जोरावर एवढं साधणं सोपं नव्हतं. आणि हा हिशेब एकट्याचा नव्हता. गोखल्यांच्या मागं न्यायमूर्ती रानडे होते आणि गणेश व्यंकटेश जोशी होते. ‘सार्वजनिक काका’ म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. हे दुसरे जोशी शिक्षण खात्यातले हेडमास्तर. सरकारी ब्लू बुकांच्या ढिगाऱ्यातून आकडे काढून देणारा असा माणूस गोखल्यांना मिळाला. त्यांना आपण जवळपास विसरलो आहोत, हे मला बरं वाटत नाही.

आता कर्जाकडं येतो.

राज्यानं कर्ज काढणं ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. पहिल्या बाजीरावाच्या स्वाऱ्या सावकारांच्या पैशावर चालत. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडून त्यानं कर्ज घेतलं होतं आणि त्याच्या तगाद्यानं तो हैराण असे, हे पत्रांतून दिसतं. पेशवाईत कर्जपट्टी नावाची वसुलीही होती. पण हे कर्ज त्या राज्याचं, त्या राज्यानं काढलेलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्जाची गोष्ट वेगळी.

१८३३ च्या सनदेनं कंपनीचा व्यापार बंद झाला. तरी तिच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश मिळत राहिला, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. ६० लाख पौंडांच्या भांडवलावर वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड, चाळीस वर्षं. शेवटी भागधारकांना पैसे द्यायचे ते शंभराला दोनशे या दरानं, म्हणजे १ कोटी २० लाख पौंड. थोडक्यात, ज्या कंपनीनं देश जिंकला तिचे शेअर त्या जिंकलेल्या देशानं दुप्पट भावानं विकत घेतले. १८५७ चा उठाव मोडायला झालेला सुमारे ४ कोटी पौंडांचा खर्चही हिंदुस्थानच्या खात्यावर पडला. उठाव मोडणाऱ्यांचा खर्च ज्यांचा उठाव मोडला त्यांच्याकडून! १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला तेव्हा इंडिया ऑफिसात झालेल्या मेजवानीचं बिलसुद्धा इकडंच आलं. तसा तो खर्च किरकोळ, पण वृत्ती कळायला पुरे.

उठावाच्या खर्चाच्या ओझ्याखाली १८५९ च्या अखेरीस जेम्स विल्सन हिंदुस्थानात आला. ‘दी इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचा संस्थापक. त्यानं १८६० मध्ये या देशातला पहिला प्राप्तिकर लावला, २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नाला दोन टक्के, त्यावर चार टक्के. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन यानं उघड विरोध केला, तर त्याला परत बोलावून घेतलं. विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशानं वारला. कर मात्र त्याच्यामागं राहिला, कधी मोडत, कधी नाव बदलत.

रेल्वेच्या कर्जाबद्दल मला थोडं सावध बोलायचंय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली हे आपण अभिमानानं सांगतो, आणि तो अभिमान खोटा नाही. पण तिच्यात पैसे घालणाऱ्या इंग्रज भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेला तोटा झाला तर भर हिंदुस्थानच्या महसुलातून. हमी असल्यावर खर्चाला हात आखडता घ्यायचं कारणच काय? तरीही या कर्जातून काही उभं राहिलं, आजही त्या रुळांवर गाड्या धावतात. सुलतानाच्या मेजवानीचं कर्ज आणि रेल्वेचं कर्ज एका मापानं मोजता येत नाही. रानड्यांना हा फरक कळत होता. परकी भांडवल नकोच, असं ते कधी म्हणाले नाहीत.

सरकारचं कर्ज आणि रयतेचं कर्ज यांची गाठ कुठं पडते हे पाहायचं तर सुप्याला जावं लागेल. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी कुणबी गोळा झाले आणि त्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं जाळली. आसपासच्या तालुक्यांत, मग नगर जिल्ह्यात हे लोण पोचलं. यामागं अमेरिकन यादवी युद्धातली कापसाची तेजी आणि नंतरची मंदी होती, दिवाणी कोर्टांनी सावकाराच्या हाती दिलेली ताकद होती, आणि होता शेतसारा. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली तीस वर्षांची मोजणी संपली तेव्हा नव्या जमाबंदीत सारा जबर वाढला. तो रोख भरायचा, ठरल्या हप्त्यानं भरायचा, पीक येवो न येवो. रोख पैसा गावात एकाच माणसाकडं. म्हणजे सरकारची वसुली वक्तशीर व्हावी यासाठी कुणब्यानं सावकाराच्या वहीत अंगठा उठवायचा. पुण्याची सार्वजनिक सभा हेच ओरडून सांगत होती. सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या सोयीसाठी कायदा केला, त्यात सावकाराला आवर घातला. साऱ्याच्या मुळाला हात लावला नाही.

गोळा झालेला पैसा वरच्या आणि खालच्या सरकारांनी कसा वाटून घ्यायचा, हाही प्रश्न होताच. डॉ. आंबेडकरांचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक १९२५ मध्ये लंडनहून निघालं. त्याची ओळख आपल्याकडं फार थोड्यांना आहे. आपण बाबासाहेबांना घटनेत शोधतो, पण त्यांचं पहिलं प्रेम सरकारी हिशेब हे होतं. वरच्या सरकारचा खर्च भागेना म्हणून लॉर्ड मेयोनं १८७१ पासून काही खाती प्रांतांच्या गळ्यात बांधली, तिथपासून ते केंद्र-प्रांत वाटणीचा एकेक टप्पा तपासत जातात. आज जीएसटीच्या वाटणीवरून राज्यं आणि केंद्र भांडतात तेव्हा मला हे पुस्तक आठवतं.

दोन महायुद्धांबद्दल फार बोलत नाही, पण एक उलटापालट सांगायलाच हवी. पहिल्या युद्धात, १९१७ मध्ये, हिंदुस्थाननं इंग्लंडला १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली. ती द्यायला इथं कर्ज उभारलं. दुसऱ्या युद्धात इंग्रजांनी इथून माल आणि माणसं घेतली, आणि मोबदला लंडनमध्ये पौंडांत जमा केला. त्या कागदाच्या तारणावर रिझर्व्ह बँकेनं इथं नोटा छापल्या. युद्धाआधी चलनात १८० कोटींच्या आसपास नोटा होत्या, युद्ध संपताना १,१०० कोटींच्या वर. भाव किती चढले असतील ते समजून घ्या. युद्ध संपताना इंग्लंड हिंदुस्थानचं सव्वाशे कोटी पौंडांहून अधिक देणं लागत होतं. ऋणको देश धनको झाला! पण ही बचत केली कुणी? अन्न कमी खाऊन, कपडा कमी नेसून, बंगालात १९४३ मध्ये लाखोंच्या संख्येनं मरून. तो कर कुठल्याही कायद्यात नव्हता, पण तोच सर्वांत कठोर.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही पौंडांची शिल्लक इंग्लंडला बुडवू द्यायची नाही, ही त्यांच्यासमोरची मोठी कामगिरी होती. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते, तिथं हा प्रश्न मांडला गेला. आपले पैसे पुढं हप्त्याहप्त्यानं सुटले.

फाळणीत कर्जही वाटलं गेलं. एकत्र हिंदुस्थानचं सगळं कर्ज भारतानं आपल्या नावावर घेतलं, पाकिस्ताननं आपला वाटा भारताला फेडायचा असं ठरलं. केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रं चाळा, फाळणीपूर्व कर्जापोटी पाकिस्तानकडून येणं ३०० कोटी रुपये ही नोंद दशकानुदशकं चालत आलेली सापडेल. वसुलीची आशा कुणाला आहे असं वाटत नाही, पण आशा नाही म्हणून हिशेबनीसाला नोंद खोडता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर कराचा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. केंब्रिजच्या निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्यानं १९५७ मध्ये संपत्ती कर आणि खर्चावर कर आला. पुढं १९७१ पासून दोन लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के अधिभार. शंभर रुपयांतले पावणेअठ्ठ्याण्णव सरकारचे. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांना पुष्कळ जण यासाठी बोल लावतात, पण तेच १९७४ मध्ये हा दर ७७ टक्क्यांवर घेऊन आले हे सांगत नाहीत. वांछू समितीनं स्पष्ट म्हटलं होतं की असे दर काळा पैसा वाढवतात. श्रीमंतांना धडा शिकवल्याचं समाधान त्या दरांनी दिलं, पैसा दिला नाही.

याच्या अगदी उलट गुणाचा एक कर महाराष्ट्रात जन्मला. तुमच्यापैकी जे पगारदार आहेत त्यांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. राज्यघटनेनं यापुढं जायला बंदी घातली आहे. हा व्यवसाय कर १९७५ पासून आहे, आणि तो लावला रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना अशी की, मागेल त्याला काम हा हक्क असेल, आणि त्याचा खर्च शहरातल्या नोकरदारानं, व्यापाऱ्यानं उचलायचा. करातून जेवढा पैसा जमेल तेवढाच सरकारनं आपल्या पदरचा घालायचा. १९७७ चा कायदा विधिमंडळानं एकमतानं मंजूर केला. शहरी माणसानं ग्रामीण मजुरासाठी कर भरायचा आणि त्यावर कुणी मोर्चा काढायचा नाही, ही आपल्या राजकारणातली दुर्मीळ घटना आहे. पुढं २००५ मध्ये देशानं जो रोजगार हमीचा कायदा केला त्याची मुळं इथंच आहेत. या निधीतला पैसा पडून राहतो, कामं निघत नाहीत, अशी टीका नंतर बरीच झाली. म्हणजे पुन्हा शिल्लक, पुन्हा गोखल्यांचाच प्रश्न, आणि या वेळी राज्य आपलं.

१९९१ ची कथा सर्वांना ठाऊक आहे. परकी गंगाजळी दोन आठवड्यांच्या आयातीपुरती, स्टेट बँकेकडून २० टन सोनं स्वित्झर्लंडला, मग रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन सोनं लंडनला. तो धडा परकी चलनातल्या देण्याचा होता. १९०० च्या सुमारास हिंदुस्थानच्या कर्जाचा निम्म्याहून अधिक भाग पौंडांत होता. आज केंद्र सरकारच्या कर्जातला परकी वाटा अगदी थोडा आहे. आपण मुख्यतः रुपयांत कर्ज काढतो, आणि देणारे आपणच आहोत. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम सरकारी रोखे वगैरेंत ठेवावीच लागते. आयुर्विमा महामंडळ, भविष्य निर्वाह निधी, सगळे हे रोखे घेतात. तुमची विम्याची पॉलिसी म्हणजे सरकारला दिलेलं थोडं कर्जच.

म्हणून काळजीचं कारण नाही का? आहे, पण ते परदेशात नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात व्याज १२.७६ लाख कोटी. त्या अंदाजाप्रमाणे सरकारला कर आणि इतर महसुलातून मिळणाऱ्या शंभर रुपयांतले सदतीस व्याजातच जाणार होते. हे व्याज मिळतं कुणाला? ज्यांच्याकडं बचत आहे त्यांना. भरतं कोण? त्यात साबणावर जीएसटी देणारी मोलकरीणही आहे. जिला बचतच नाही तिच्याकडून, ज्याची ठेव आहे त्याच्याकडं पैसा वाहतो. मिठाचा कर गेला, पण ही वाट बुजलेली नाही.

आणखी एक आकडा. त्या वर्षाची राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, ती कर्जानं भरायची. त्यातले ५.२४ लाख कोटी महसुली तुटीसाठी, म्हणजे रोजचा खर्च भागवायला. कर्जाचा तिसरा हिस्सा रस्त्यात नाही, धरणात नाही, रुळांत नाही. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानं ही महसुली तूट संपवायचं ठरवलं होतं. पुढं उद्दिष्टं बदलली, मुदती सरकल्या, २०१८ च्या दुरुस्तीनं महसुली तुटीचं उद्दिष्टच काढून टाकलं. मला हे खटकतं. एकूण कर्ज किती टक्के यावर आपल्याकडं वर्तमानपत्रं भरतात. ते कशासाठी काढलं, ही सुलतानाची मेजवानी की बोरीबंदरची गाडी, हे सांगणारा आकडा मात्र मागच्या पानावर जातो.

राज्यांचं वेगळं सांगायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रानं ‘लाडकी बहीण’ योजनेत स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी ४६ हजार कोटींची वार्षिक तरतूद सांगितली. गरीब बाईच्या हातात रोख पैसा जाण्याला माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न एवढाच की, पागे यांच्या योजनेला एक ठरलेला कर होता, कोण भरणार हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. इथं भरणारा कोण? उत्तर न देता योजना काढली तर उत्तर एकच उरतं, कर्ज. आणि मग केंद्र उपकर आणि अधिभार वाढवतं, ज्यात घटनेप्रमाणे राज्यांना वाटा नाही, आणि राज्यं केंद्राकडं बोट दाखवतात. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात.

गोखल्यांच्या वेळच्या कायदेमंडळाला अंदाजपत्रकावर बोलता येई, एक पैसाही कापता येत नसे. आजच्या लोकसभेला प्रत्येक खात्याची मागणी नाकारण्याचा अधिकार आहे. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय, एका झटक्यात मंजूर झाल्या. यात कुठल्या एका पक्षाचा दोष काढत बसणार नाही, गोंधळ घालणारे आणि घाई करणारे दोन्हीकडं असतात. पण केंद्राचं अंदाजपत्रक आता सर्वांना उघडं आहे. एकेका खात्याच्या मागण्यांचं पुस्तक, जमेच्या बाजूचं पुस्तक, खर्चाचं पुस्तक, सगळं फुकट वाचता येतं. गणेश व्यंकटेश जोशींना ते मिळवायला काय यातायात करावी लागली असेल! त्यातलं महसुली तुटीचं पान आणि व्याजाचं पान मी सोबत आणलं आहे. पुढची वीस मिनिटं प्रश्नांसाठी ठेवली आहेत, तेव्हा ती पानंच समोर ठेवून बोलू.